पाहुण्यांना दाखवायची रात्र

बाहेरगावचे मित्र मुंबईत आले, की गेटवे, राणीची बाग, महालक्ष्मी हे सगळं दिवसाउजेडी उरकतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणतं, ‘आता रात्रीची मुंबई दाखवा.’ मुंबईकराकडे याचं उत्तर तयार असतं. मरीन ड्राइव्हवरचा दिव्यांचा हार, ताजच्या मागच्या गल्लीतले कबाब, रमजान असेल तर मिनारा मशिदीचा परिसर, गणपती असतील तर लालबाग, आणि मंडळी तरुण असली तर अलीकडे लोअर परळ. ही यादी इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कशी तयार झाली आणि तिच्यातून काय गळलं, हे कुणी विचारत नाही. पाहुणे हिंडवता हिंडवता मी काही वर्षांपासून या यादीच्या मागे लागलो आहे. मुंबईच्या रात्रीचा इतिहास म्हटला की आपण दिव्यांचा इतिहास सांगतो. माझ्या मते तो परवान्यांचाही इतिहास आहे. कुणाची रात्र चालू दिली आणि कुणाची बंद पाडली, हे पाहिल्याशिवाय त्या दिव्यांचा अर्थ लागत नाही.

आज गंमत वाटेल, पण मुंबईचा जो भाग आपण पाहुण्यांना रात्री सर्वांत आधी दाखवतो, तो फोर्ट, रात्री कुलूपबंद असे. कोटाला अपोलो, चर्चगेट आणि बाजारगेट असे तीन मुख्य दरवाजे होते आणि ते रात्री बंद होत. आतला आत, बाहेरचा बाहेर. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६०च्या दशकात, तट पाडायला सुरुवात झाली. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ मध्ये आलं, म्हणजे नेमकं या उलथापालथीच्या काळात. नव्या माणसाला शहर समजावून सांगणारं मराठीतलं ते पहिलं मोठं पुस्तक. पाठोपाठ ऑक्टोबर १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले आणि १८७४च्या मे महिन्यात घोड्यांची ट्राम धावू लागली. तट गेला, दिवे आले, वाहन आलं. रात्री घराबाहेर पडायला आणि पाहुण्याला बाहेर काढायला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी साधारण एका तपात जमून आल्या.

मात्र रात्रीची करमणूक या सगळ्याच्या आधीच तटाबाहेर जाऊन बसली होती. जगन्नाथ शंकरशेट यांच्या जागेवर ग्रँट रोडचं नाटकगृह १८४६ मध्ये उभं राहिलं. कोटात राहणाऱ्या साहेबांना ते लांब पडे. पण आपल्या दृष्टीने तेच भाग्याचं ठरलं, कारण ते नेटिव्हांच्या वस्तीजवळ होतं. विष्णुदास भाव्यांनी सांगलीहून येऊन १८५३ मध्ये मुंबईत खेळ केले ते याच नाटकगृहात. पुढे आसपास नाटकगृहांची रांग लागली, आणि ‘प्लेहाउस’चं मुंबईकरांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ झालं. तिथे पिवळ्या रंगाचं घर कधीच नव्हतं; पाहुण्यांना मी हे पहिल्यांदा सांगतो तेव्हा त्यांना थोडं वाईटच वाटतं.

पारशी कंपन्यांची नाटकं, मग मराठी संगीत नाटकं, सगळा मामला रात्रीचा आणि बिनघाईचा. ‘वन्समोअर’ पडत गेले की खेळ पहाटेपर्यंत चाले. नाटकं इतकी लांबण्याचं कारण रसिकता हे तर आहेच, पण मध्यरात्रीनंतर घरी जायला वाहन नाही, तेव्हा पहिल्या ट्रामपर्यंत बसलेलंच बरं, हेही असावं, असा माझा तर्क आहे. ८ जुलै १९२१ रोजी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केलं, ते याच टापूतल्या बालीवाला थिएटरात. मराठी माणूस त्या रात्रीबद्दल आजही हळवा होऊन बोलतो. पण ती रात्र कुठल्या रस्त्यावर घडली हे सांगताना आवाज जरा खाली आणतो. कारण नाटकगृहांच्या शेजारीच फॉकलंड रोड, फोरास रोड आणि कामाठीपुरा. नाटक, तमाशा, गाणं, पुढे सिनेमा आणि देहविक्रय हे सगळं एकमेकांना खेटून होतं. यादीतून गळालेली पहिली जागा ती ही.

फॉकलंड रोडचं आजचं अधिकृत नाव पठ्ठे बापूराव मार्ग. रस्त्याला दिलेलं नाव इतकं चपखल क्वचितच असतं. रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांच्या घरातले श्रीधर कृष्णाजी तमाशात शिरले, ब्राह्मण्य सोडून महार समाजातल्या पवळेबरोबर उभे राहिले आणि मुंबईची नाटकगृहं त्या दोघांनी गाजवली. तमाशा गावाकडे झाडाखाली किंवा जत्रेत होई. इथे तो तिकीट लावून, छताखाली, रोजच्या रोज होऊ लागला. शहराने तमाशाला छप्पर दिलं आणि गिरणगावाने त्याला प्रेक्षक दिला.

बापूरावांची मुंबईवर एक प्रसिद्ध लावणी आहे. ती पाहुण्याला शहर दाखवण्यासाठीच रचली असावी, असं मला नेहमी वाटत आलं आहे. मुंबईच्या कीर्तीचा डंका, तिची सोन्याच्या लंकेशी तुलना, तिचे बाजार, तिचा थाट. माणदेशातून किंवा वाळव्याहून कालच मुंबईत उतरलेला, गिरणीत अजून बदली कामगार असलेला माणूस पिटात बसून ही लावणी ऐकत असेल, तेव्हा ज्या शहरात त्याला झोपायला जागा नव्हती, ते शहर त्याला कुणीतरी मानाने फिरवून दाखवत होतं. ही गोष्ट लहान नाही. मार्गदर्शक पुस्तकं वाचता येणाऱ्यांसाठी होती. न वाचणाऱ्यांसाठी बापूराव होते.

आता त्या माणसाच्या रात्रीकडे वळतो. काही वर्षांपूर्वी सांगलीकडचे एक मित्र सहकुटुंब आले होते. रात्री लालबागच्या पुलाखालून चालताना त्यांनी सहज सांगितलं, की त्यांचे आजोबा इथे कुठल्याशा गिरणीत होते. मग थांबून विचारलं, ‘आजोबा झोपायचे कुठे हो?’ त्या प्रश्नाचं उत्तर रस्त्यावर उभ्या उभ्या देणं मला कठीण गेलं, पण उत्तर आहे. एका खोलीत दहा-पंधरा पुरुष राहत आणि झोपत पाळीपाळीने. रातपाळीचा माणूस सकाळी आला, की दिवसपाळीवाल्याची जागा त्याची. अंथरूण गार होत नसे. उरलेले गॅलरीत, जिन्याखाली, फुटपाथवर. जेवण खानावळवाल्या बाईकडे. आणि त्या बाईचा दिवस भोंग्याच्याही आधी, अंधारात सुरू होई. मित्रांच्या आईंनी हे ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘म्हणून ते गावी आले की दिवसा झोपायचे.’ कुठल्याही दफ्तरात मला न सापडलेली नोंद ती.

मुंबईत वीज आली त्याचं वर्णन वाचताना आपल्या डोळ्यांसमोर रोषणाई येते. पण गिरण्यांमध्ये विजेच्या दिव्याने पहिलं काम केलं ते कामाचे तास वाढवण्याचं. तोवर सूर्य मावळला की काम थांबत असे, कारण सूत दिसत नसे. दिवे आले आणि १९०५च्या सुमारास काही गिरण्यांतला दिवस चौदा-चौदा तासांवर गेला. कामगारांनी त्या वर्षी दंगा केला. पुढे १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. मरीन ड्राइव्हचा दिव्यांचा हार नंतरचा. या शहराची ‘न झोपणारं’ अशी ख्याती सांगताना त्यात जागरण कुणाचं होतं हे सांगायला हवं. ते प्रामुख्याने रातपाळीचं, गोदीचं, भायखळ्याच्या भाजीबाजाराचं, ससून डॉकला मासळीचा लिलाव करणाऱ्या कोळणींचं, आणि छापखान्यांचं होतं.

अण्णा भाऊ साठ्यांना हे कुणी सांगण्याची गरज नव्हती. वाटेगावहून ते वडिलांबरोबर चालत मुंबईला आले, गिरणीत राबले, आणि १९४४ मध्ये अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांनीही ‘मुंबईची लावणी’ लिहिली. ती बापूरावांच्या लावणीला दिलेला जबाब आहे, अगदी सवाल-जवाबाच्या रीतीने. पाहुणा तोच, शहर तेच, पण वाट वेगळी. एकीकडे मलबार हिलवरचं ऐश्वर्य, दुसरीकडे परळात घाम गाळणारी माणसं. थाटामाटाचं वर्णन करत करत ही लावणी पाहुण्याला कधी वळवून गल्लीत नेते ते कळत नाही. बापूरावांना कमी लेखण्याचा हेतू त्यात मला दिसत नाही. उलट, लावणीच्याच घाटात उत्तर देणं हा मान आहे. पण दोन्ही लावण्या शेजारी ठेवल्या, की पाहुण्याला शहर दाखवणं हे निरुपद्रवी काम नाही, हे लक्षात येतं. कुठे वळायचं हे दाखवणारा ठरवतो.

या पुढचं वळण मात्र कलावंतांनी ठरवलेलं नाही. १९४८ मध्ये बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली. ती फार टिकली नाही. तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली गेली, वग आणि लावण्या तपासल्या जाऊ लागल्या, ‘लोकनाट्य’ हा प्रतिष्ठित शब्द रूढ झाला. त्याच वर्षीच्या कारखाने कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी सात ते पहाटे सहापर्यंत कारखान्यात काम करायला मनाई केली. हेतू संरक्षणाचा होता हे मान्य. पण रात्री उशिरा नाचणारी बाई अश्लील आणि रात्री मागावर उभी राहणारी बाई असुरक्षित, अशा दोन वाक्यांच्या मध्ये रात्रीची मुंबई पुरुषांच्या नावावर होत गेली. रात्री कामाला जाणाऱ्या बाईकडे आजही ज्या नजरेने पाहिलं जातं, तिची एक मुळी इथे आहे.

लगोलग दारूबंदी आली. १९३९च्या ऑगस्टमध्ये एकदा प्रयोग होऊन गेला होता. १९४९च्या कायद्याने ती पक्की झाली. आता गंमत पाहा. दारूबंदी सर्वांना, पण प्रकृतीच्या कारणासाठी परमिट मिळे, परदेशी पाहुण्याला परमिट मिळे. परमिट काढायला डॉक्टर, अर्ज, फी आणि इंग्रजी लागे. ज्याच्याकडे हे नव्हतं तो धारावीच्या किंवा माहीमच्या खाडीकाठच्या हातभट्टीकडे नाहीतर धोबीतलावच्या ‘आंटी’कडे जाई, आणि पकडला जाई. आपल्या हायवेवरच्या पाट्यांवर ‘परमिट रूम’ हे शब्द आजही आहेत; पाहुण्यांतल्या तरुणांना ती एखाद्या प्रकारच्या खोलीची जात वाटते. कायदा अजून आहे, प्यायला परवाना लागतो हेही कागदावर आहे. १९६०च्या दशकात बंधनं सैल झाली, शब्द तेवढा राहून गेला.

याच काळात ताज, आणि आजच्या वीर नरिमन रोडवरची, तेव्हाच्या चर्चगेट स्ट्रीटवरची हॉटेलं, ही शहराची दुसरी रात्र होती. लिऑन अॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड ताजमध्ये १९३५ मध्ये वाजला आणि गोव्याच्या वादकांनी ते संगीत उचललं. आल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ताजमध्ये ट्रम्पेट वाजवत आणि दिवसा स्टुडिओत सी. रामचंद्रांना साथ देत. ‘अलबेला’ (१९५१) पाहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाने त्यांचा वाद्यवृंद ऐकला आहे. आपण भगवानदादांवर फिदा झालो, पण त्या चालीतली हॉटेलातली रात्र ओळखली नाही. हॉटेलात सूट घालून वाजवणारे गोंयकार वादक बहुधा धोबीतलाव-डाबूल भागात राहत. तिथे गावागावांचे ‘कूड’ होते, म्हणजे एकेका गावच्या लोकांची सामायिक वसतिगृहं. संध्याकाळी तिथे रोझरीची प्रार्थना होई. पेटी, पलंगापुरती जागा, भिंतीवर गावच्या देवळाचा संत. गिरणगावातली गावकीची खोली आणि हा कूड एकाच गरजेतून आलेले आहेत. फरक इतकाच, की त्यांच्या रात्रीला हॉटेलाचं छत होतं, म्हणून ती पाहुण्यांच्या यादीत राहिली.

१९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्याच्या प्रस्तावनेकडे मी पाहुण्यांना शहर दाखवण्याच्या परंपरेतला महत्त्वाचा दस्तऐवज म्हणून पाहतो. विजय तेंडुलकर हे जन्माने, वास्तव्याने मुंबईचे. पण ढसाळांची कविता समजून घेण्यासाठी त्यांना ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडावं लागलं आणि शब्दांचे अर्थ विचारावे लागले. मुंबईत राहिलेला नाटककार गिरगावापासून चालत जाण्याच्या अंतरावर पाहुणा ठरतो, आणि तेविशीतला कवी यजमान. तेंडुलकरांनी ही अवस्था लपवली नाही, हा त्यांचा मोठेपणा. आपल्यापैकी किती जण ते कबूल करतील? पिला हाऊसच्या रस्त्यांवरून मी पाहुण्यांना नेतो तेव्हा गाडीच्या काचेतून बायका दाखवायला नेत नाही. तशी मागणी एकदोनदा झाली आणि मी ती सरळ नाकारली. आल्फ्रेडसारख्या जुन्या थिएटरांच्या इमारती, रस्त्याचं नाव आणि बालीवालाची गोष्ट, एवढं सांगून आम्ही चालत पुढे जातो. तिथे राहणाऱ्यांचं ते घर आहे.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. त्याचं पुढे काय झालं ते वाचकांना ठाऊक आहे. भोंगे थांबले म्हणजे रातपाळी थांबली, आणि रातपाळी थांबली म्हणजे तिच्यावर जगणारं सगळंच: खानावळी, रात्री उघडे असणारे इराणी, कामगार रंगभूमी, लालबागचं हनुमान थिएटर आणि त्यातले तमाशाचे फड. त्या रात्रीतलं एकच काही टिकलं, ते म्हणजे गणपती. गणेश गल्लीचं मंडळ १९२८चं, ‘लालबागचा राजा’ १९३४चा. पेरू चाळीचा बाजार बंद झाल्यावर जागेसाठी नवस बोललेल्या कोळी आणि विक्रेत्यांनी बसवलेला. आज रात्री दोन वाजता तिथे रांगेत उभ्या असलेल्या पाहुण्यांना हे बाजाराचं प्रकरण सांगितलं की ते आश्चर्य करतात. आणि त्या दहा दिवसांत आपल्याकडच्या बायका-मुली मध्यरात्री निर्धास्त रस्त्यावर असतात, अनंत चतुर्दशीला लोकल रात्रभर धावतात. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं.

गिरण्यांच्या जागी काय आलं? लोअर परळला पाहुण्यांना घेऊन गेलो, की तरुण मंडळी पब आणि रेस्टॉरंटांच्या पाट्या वाचतात आणि मी त्यांच्या वरची कंपाउंडांची नावं वाचतो. फिनिक्स मिल, कमला मिल. जिथे माणसं रात्री सक्तीने जागी होती, तिथे आता माणसं पैसे देऊन जागी राहतात. यात काही पाप आहे असं मला वाटत नाही. पण २९ डिसेंबर २०१७ला मध्यरात्र उलटताना कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबला आग लागली आणि चौदा माणसं गेली. त्या सकाळी मला गिरण्यांतल्या आगींच्या जुन्या बातम्या आठवल्या. जमिनीचा वापर बदलला, तरी आत शिरणाऱ्या माणसाच्या बाहेर पडायच्या वाटेचा विचार शेवटी होतो, तो होतोच.

परवान्याचा धागा तर २००५ मध्ये पुन्हा हातात येतो. राज्याने डान्स बारवर बंदी घातली. मात्र तारांकित हॉटेलं आणि जिमखाने त्यातून वगळले. एकच नाच, पण जागेवरून तो कला की अनाचार हे ठरायचं. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही बंदी टिकू दिली नाही, त्याचं एक कारण हा भेदच होता. निकाल येईपर्यंत आठ वर्षं गेली होती आणि त्या बायका कुठे गेल्या याचा हिशेब निकालात बसण्यासारखा नव्हता. बारमध्ये जाणाऱ्यांची तरफदारी मला करायची नाही. तिथे शोषण होतं हेही खरं. पण १९४८चा तमाशा आणि २००५चा बार यांच्यावरचा आदेश एकाच हाताने लिहिल्यासारखा वाटतो आणि दोन्ही वेळा ताजमधला बँड चालूच असतो.

२७ जानेवारी २०२०पासून बिगरनिवासी भागातले मॉल, उपाहारगृहं, दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली. मद्यविक्रीची वेळ मात्र वाढवली नाही. दोन महिन्यांच्या आत टाळेबंदी आली आणि शहर दिवसाही बंद झालं. त्यानंतर आलेल्या पाहुण्यांना मी एक नवा थांबा दाखवू लागलो आहे. रात्री एक-दीडनंतर लोअर परळ आणि जवळपासच्या स्टेशनांबाहेर, शेवटची लोकल चुकलेली मुलं-मुली उभी असतात. काळी पँट, पाठीवर सॅक, पायांत काळे बूट. पबमधले वेटर, स्वयंपाकघरातले मदतनीस, पार्किंगची पोरं. बहुतेकांचं घर विरार, डोंबिवली, कळवा. पहिली गाडी पहाटे चारच्या आसपास. तोवर ते पायऱ्यांवर बसतात, मोबाइल पाहतात, एकमेकांच्या खांद्यावर डुलक्या घेतात. गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या आमच्या वहिनींनी त्यांतल्या एका मुलीला विचारलं, ‘रोजच थांबतेस का गं?’ ती म्हणाली, ‘नाही काकू, ज्या दिवशी पार्टी लांबते त्याच दिवशी.’ मग तिनेच आम्हाला टॅक्सीस्टँडची वाट दाखवली.